अर्धा तास घरी नाही

मराठवाड्यातून बदली मिळावी म्हणून अर्ज करणारे आमच्या टेलिफोन खात्यात पुष्कळ होते. मराठवाड्यात बदली द्या असा अर्ज करणारी मी बहुधा पहिलीच. चौऱ्याऐंशी साल होतं. पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये मी सहा वर्षं ऑपरेटर होते. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी काही भानगड आहे का?"

भानगड एवढीच, की नवऱ्याला जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावात कॉलेजवर कायमची नोकरी लागली होती. पुण्यात तो चार वर्षं तासांवर शिकवत होता आणि दर जूनमध्ये पुन्हा बेकार होत होता. गावाचं नाव लिहीत नाही. अंबडच्या बाजूचं, आठवडी बाजाराचं गाव, एवढं पुरे. वाचणाऱ्यांत कुणी तिथलं असेल तर त्याला कळेलच, आणि मग तो इतरांना सांगेल. तिथली पद्धतच तशी आहे.

निघण्याआधी आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून एका जुन्या डायरीच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. कल्पना नवऱ्याची, तो अर्थशास्त्र शिकवतो. फायदे त्याने भराभर सांगितले: कायमची नोकरी, दोघं एका गावात, ऐसपैस घर, कामावर चालत जाता येईल, हवा चांगली. "हवा चांगली" मी लिहिलं नाही, कारण ती हवा त्याने एकदाच घेतली होती, मुलाखतीला गेला तेव्हा, आणि तीही एसटी स्टँडवर. तोट्यांच्या बाजूला मी पहिल्या ओळीत लिहिलं, "आई एकटी." ते लिहिल्यावर पुढचे तोटे सुचेनात.

आई प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली होती. कोथरूडला एका नव्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. आमच्याबरोबर चल म्हटलं तर म्हणाली, "मी काय ट्रंक आहे, उचलून गाडीवर टाकायला?" निघायच्या दिवशी मात्र तिने विचारलं, "दोन वर्षांनी येशील ना परत?" आईने माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. मी हो म्हटलं. नवऱ्यानेही कबूल केलं, की दोन वर्षं बघू, नाही जमलं तर तू बदलीचा अर्ज कर, मी आडवा येणार नाही.

म्हणजे गावात पाऊल ठेवलं ते परत जाण्याची तारीख मनात धरूनच. अशा माणसाला गाव आवडणं कठीणच असतं.

पाणी दिवसाआड यायचं. भाजी बाजाराच्या दिवशी भरून ठेवायची आणि पुढचे चार दिवस ती सुकताना बघायची. पण मला खरा त्रास झाला तो दाराचा. दुपारी जेवून, दार लावून, तासभर पडायची माझी पुण्याची सवय. तिथे दिवसाढवळ्या घराचं दार लावलं, तर माणसं गावाला गेली किंवा घरात काहीतरी वाईट झालं असंच लोक धरायचे. पहिल्या आठवड्यात मी दार लावून झोपले, तर शेजारच्या काकूंनी खिडकीतून हाका मारमारून मला उठवलं. "काय झालं वो बाई? बरं न्हाई का? का भांडलात?" झोपले होते म्हटल्यावर त्या आत येऊन बसल्या आणि लग्नाला किती वर्षं झाली, मूल का नाही, डॉक्टरला दाखवलं का, हे सगळं त्यांनी प्रेमाने विचारून घेतलं. त्यात वाईट हेतू कणभर नव्हता, आणि त्यामुळे रागावताही येईना. मी आईला पत्रात लिहिलं, "इथे माणसं दार न वाजवता आत येतात. यादीत तोटा म्हणून घातलंय." डायरीतही तोट्यांच्या बाजूला तेच लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एक्स्चेंज म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. एका खोलीत बॅटऱ्या, दुसरीत बोर्ड. गावात सत्तरएक फोन होते. कुणी आपल्या फोनचं हँडल फिरवलं, की बोर्डावरची त्याच्या नंबरची छोटी पट्टी खट्कन खाली पडायची. आपण त्या जागी दोरीची पिन घालायची, नंबर विचारायचा आणि दुसरी पिन त्या नंबरात घालून घंटी द्यायची. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक लाइन एकच. काम पुण्यापेक्षा दसपट सोपं. निदान मला तसं वाटलं.

माझ्याआधी पंधरा वर्षं तो बोर्ड चाचा सांभाळत होते. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागले. पन्नाशी उलटलेली, दाढी पांढरी, घरात उर्दू आणि बोर्डावर गावची मराठी. त्यांच्या पाळीत पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले होते. पट्टी पडली. चाचांनी पिन घातली. नंबर विचारलाच नाही.

"चाचा, डॉक्टर द्या."

चाचांनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. "डॉक्टरची फटफटी आत्ताच जिनिंगकडं गेली. थांबा, तिथं देतो." आणि त्यांनी जिनिंगला, कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, घंटी दिली. डॉक्टर तिथे होते.

थोड्या वेळाने दुसरी पट्टी पडली. "चाचा, मी अर्धा तास दुकानात न्हाई. भावाकडं बसून राह्यलो."

"बराबर. कोन इचारलं तर सांगतो." चाचांनी बोर्डाशेजारी टांगलेल्या दगडी पाटीवर काहीतरी लिहिलं. उर्दूत. पाटी अशा नोंदींनी भरलेली होती. गावातली फोनवाली माणसं घरातून निघताना एक्स्चेंजला सांगून निघायची, आणि ज्यांच्याकडे फोन नव्हते ती येता-जाता खिडकीशी थांबून सांगायची. कोण अंकुशनगरला साखर कारखान्यावर गेलंय, कोण अंबडला कोर्टात, कोण नुसतंच पारावर बसलंय, सगळं त्या पाटीवर होतं.

मला हसू आलं, आणि नंतर राग. सहा वर्षं मी कडक शिस्तीत काम केलेलं. ऑपरेटरने नंबर विचारायचा, जोडायचा, मधे तोंड घालायचं नाही. कोण कुठे गेलं याची उठाठेव हे आपलं काम नव्हे, आणि नियमातही बसत नाही. माझ्या पाळीच्या पहिल्याच दिवशी मी फडकं ओलं करून पाटी स्वच्छ पुसली. मला ती वाचताही येत नव्हती.

त्यानंतर माझ्या पाळीत सगळ्यांना एकच उत्तर: "नंबर सांगा." डॉक्टरांचा नंबर नऊ आहे हे मलाही ठाऊक असायचं, पण समोरच्याने नऊ म्हटल्याशिवाय मी पिन हलवत नसे. उचललं नाही, की म्हणायचं, "उत्तर नाही." लोक मुकाट्याने ठेवून द्यायचे. गावात माझं नाव "नंबरवाली बाई" पडलं. चाचा एकदाच म्हणाले, "बेटी, तुझा कायदा बराबर हाय. पन लोकांला नंबराशी न्हाई बोलायचं, मानसाशी बोलायचं हाय." मी म्हटलं, माणसाचा नंबर असतोच की. चाचा हसले आणि जेवायला गेले.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधीची गोष्ट. चाचा चार दिवस लेकीकडे भोकरदनला गेले होते आणि बोर्डावर मी एकटी. दुपारी शहागडच्या पोस्टातल्या सार्वजनिक फोनवरून ट्रंक कॉल आला. एक म्हातारा माणूस ओरडून बोलत होता, जसं काही मी नदीच्या पलीकडच्या काठावर उभी आहे.

"मास्तरला द्या जी. जल्दी."

"नंबर सांगा."

"नंबर न्हाई. शाळेवर मास्तर हाय आमच्या गावचा. त्याच्या बापाचं काही खरं न्हाई, लई घरघर लागली. मिळंल त्या गाडीत बस म्हना."

शाळेत फोन नव्हता. लाइन एकच होती आणि कारखान्याचा आधी नोंदवलेला कॉल थांबला होता. मी म्हटलं, "निरोप देणं आमचं काम नाही. तुम्ही पोस्टातच आहात ना? तार करा." तो "अवो बाई, अवो बाई" म्हणत राहिला. मी पिन काढली.

तार दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. वडील आदल्या दिवशी दिवस मावळताना गेले होते. कॉल आल्यानंतर शहागडकडे जाणाऱ्या दोन एसट्या गावातून गेल्या, हे मी नंतर वेळापत्रक काढून पाहिलं. आणि एक्स्चेंजच्या खिडकीतून शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. हे मात्र पाहायला वेळापत्रक लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. तिशीचा माणूस, डोक्याचे केस काढलेले, वर उपरणं. सुतकात दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवायचा नाही म्हणून खिडकीबाहेर उभे राहिले. मी उठून उभी राहिले. आता हा शिव्या देईल, आणि त्या मी ऐकून घ्यायच्या, असं मी ठरवलं होतं. ते म्हणाले, "बाई, रजेचा अर्ज द्यायला आल्तो. तेरा दिवस गावाकडं हाय मी. कोन इचारलं तर तेवढं सांगा."

एवढंच. कॉलचा विषय नाही. त्यांना माहीत होतं, पाळी कुणाची होती ते. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. मी "बरं" म्हटलं. ते गेल्यावर मी पाटी शोधली. चाचांनी ती भिंतीकडे तोंड करून कपाटामागे ठेवली होती. खडू नव्हता, समोरच्या दुकानातून आणला, आणि लिहिलं, "मास्तर, तेरा दिवस गावी." माझं अक्षर चांगलं आहे, आई शिक्षिका होती. त्या दिवशी ते वाकडं आलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

चाचा भोकरदनहून परत आले तेव्हा पाटी बोर्डाशेजारी टांगलेली होती. त्यांनी वाचली, कारण मराठी त्यांना वाचता येत होती, आणि खडू हातात घेतला. तेव्हापासून पाटीवर दोन लिप्या नांदू लागल्या. उजवीकडून चाचांची उर्दू, डावीकडून माझी मराठी. "नंबर सांगा" म्हणायची सवय जायला मला वेळ लागला, मी "नंबर, नाही, कोण हवंय?" असं म्हणायची आणि लोक पलीकडे हसायचे. डॉक्टर एकदा मला म्हणाले, "बाई, मी कुठं हाय ते आता माझ्या बायकोपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असतं." हे बहुधा खरं होतं.

पण परत जायचं मी विसरले नव्हते. पाटी लिहायला लागले म्हणून काही आई जवळ आली नव्हती. दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी पुण्याला कॉल लावायची. आईकडे फोन नव्हता, खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे होता. ती तिथे येऊन बसायची. तीन मिनिटांत ती तब्येत चांगली असल्याचं सांगायची, मी पाणी येत असल्याचं सांगायची, दोघीही खोटं. दोन वर्षं होत आली तेव्हा मी बदलीचा अर्ज केला. नवऱ्याने पेन आणून दिलं, पण त्या दिवशी तो नीट जेवला नाही. कॉलेजात त्याचा जम बसला होता. तो यायचा म्हटलं तर पुन्हा तासांवर, पुन्हा दर जून. आदेश लवकर निघाला: पंधरा दिवसांत पुण्याला हजर व्हा. तो मी पर्समध्ये ठेवला आणि आठवडाभर चाचांना सांगितलं नाही. कसं सांगायचं ते ठरत नव्हतं.

त्याच आठवड्यातला रविवार. अकराला कॉल लावला. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "नाही आल्या हो आज. कालही दिसल्या नाहीत. मुलगा बेल वाजवून आला, दार उघडलं नाही. गेल्या असतील कुठेतरी."

"जरा पुन्हा बघता का? शेजाऱ्यांना विचारता?"

"अहो, त्यांना नाही आवडत सारखं विचारलेलं. आणि आम्ही आत्ता बाहेरच पडतोय."

त्यांचं चूक नव्हतं. आईला खरंच आवडत नसे. मी त्याच आईची मुलगी, हे सगळं मला आतून माहीत होतं. मी पुन्हा कॉल लावला तेव्हा पुण्याची ऑपरेटर माझी जुनी मैत्रीण निघाली. तिने दोनदा घंटी दिली. "उत्तर नाही गं," ती म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी कर. ती म्हणाली, "काय करू सांग. नंबर दे, जोडते." मला कोथरूडमधला दुसरा एकही नंबर माहीत नव्हता. एकतीस वर्षं मी त्या शहरात काढली होती, आणि आईच्या दारापर्यंत पाठवता येईल असा एक माणूस मला आठवेना. मी बोर्डासमोर बसून रडायला लागले.

चाचांची पाळी नव्हती, पण रविवारी ते उगाच येऊन बसायचे. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. "पुन्यात कोथरूडला कोन?" ते स्वतःशीच म्हणाले. "कापडवाल्याचा जावई हडपसरला. लांब पडतं. मास्तरचा भाऊ!" आणि पाटीकडे न बघताच, "मास्तर आज आडतीवर पेपर वाचून राह्यला असंल." त्यांनी आडत दुकानाला घंटी दिली. "मास्तर हाय का? पळत पाठवा."

मास्तर खरोखर पळत आले. पेपर हातातच होता. त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत कामाला होता आणि कोथरूडलाच चार जणांत खोली करून राहत होता. जिथे तो जेवायचा त्या खाणावळीचा नंबर मास्तरांना पाठ होता. चाचांनी लाइटनिंग कॉल मागितला. हा सगळ्यात तातडीचा, सगळ्यांच्या आधी लागणारा. भाऊ नुकताच जेवायला बसला होता. मी सांगितलेला पत्ता त्याला देऊन मास्तर म्हणाले, "हात धू आन् नीघ. दार न्हाई उघडलं तर तोड. बाईंची माय हाय."

मग वाट बघणं. ट्रंक लाइन एकच, म्हणून ती मोकळी ठेवायची होती. चाचांनी ज्याची पट्टी पडेल त्याला सांगितलं, "पुन्याचा कॉल येनार हाय, बाईंची माय सापडंना, लाइन मागू नका." तेवढ्याने गावभर झालं. काकू आल्या, नवरा आला, डॉक्टर फटफटी घेऊन आले आणि दारात उभे राहिले. त्या पाऊण तासात गावात कुणीही बाहेरगावी फोन मागितला नाही. कारखान्यानेसुद्धा नाही.

पट्टी नाही, ट्रंकची घंटी वाजली. मास्तरांच्या भावाचा आवाज. "ताई, सापडल्या. न्हानीत पडल्यात काल संध्याकाळी, खुब्यावर. उठता येईना त्यांला. पन शुद्धीवर हायत, बोलून राह्यल्या. आम्ही दवाखान्यात नेऊन राह्यलो."

मी विचारलं, काय बोलतेय?

"दार कुनी तोडलं म्हून रागावून राह्यल्या."

तेव्हा मी रडता रडता हसले, आणि मास्तर खाली मान घालून पेपरची घडी करत बसले. मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्या शहागडच्या कॉलबद्दल. "मास्तर, तुमच्या वडिलांच्या वेळी मी," एवढंच म्हणू शकले. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई. दुपारची गाडी निघून जाईल तुमची."

आईच्या खुब्यात सळई घातली. मी तिच्याजवळ दवाखान्यात महिनाभर होते आणि मुदत वाढवून घेतलेला बदलीचा आदेश पर्समध्येच होता. आता तर जायला कारण होतं, पूर्वीपेक्षा मोठं. नवरा भेटायला आला तेव्हा म्हणाला, "तू इकडेच हजर हो. मी येत जाईन महिन्याला." तो मनापासून म्हणत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. आई पलंगावरून ऐकत होती. तिने विचारलं, "तिथे माणसं दार न वाजवता आत येतात, असं लिहिलं होतंस ना पत्रात?"

"हो."

"अठरा तास मी त्या फरशीवर पडून होते. तीन वेळा बेल वाजली. मी हाका मारल्या, पण ते सभ्य लोक, वाट बघून परत गेले." मग म्हणाली, "तुझ्या यादीतला तो तोटा मला हवाय. मला तिकडे घेऊन चल."

आदेश मी परत केला. साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला.

आई गावात दहा वर्षं राहिली. ती तिथे सुखाने नांदली असं लिहिलेलं तिने वाचलं असतं, तर तीच मला रागावली असती. पाण्यावरून ती काकूंशी भांडली. गल्लीतल्या पोरांना बोलावून त्यांचं अक्षर सुधारलं, त्यांना ते नको असतानाही. वाचायला नवं काही मिळत नाही म्हणून जुने दिवाळी अंक पाठ केले. पुण्याची आठवण काढून कधी कधी सकाळभर गप्प बसायची, आणि तेव्हा मी हिला इथे आणून चूक केली का, हे मला खायचं. पण खात्याने मला घरी फोन दिला होता. एके दुपारी आमच्या घरची पट्टी पडली. मी पिन घातली. आई.

"कोण, तू का? मी देवळात चाललेय. अर्धा तास घरी नाही. कुणी विचारलं तर सांग."

जन्मात कुणाला सांगून घराबाहेर न पडलेली बाई. मी पाटीवर लिहिलं. आईला कोण विचारणार होतं? पण वीस मिनिटांत दोघांनी विचारलं.

नंतर चाचा निवृत्त झाले आणि वर्षभराने गावात नवं यंत्र आलं. आता प्रत्येकाने आपला आपण नंबर फिरवायचा. बोर्ड काढून नेला, मला बिलांच्या टेबलावर बसवलं, आणि पाटी मी चाचांच्या घरी पोचवली, त्यांच्या नातीला अलिफ-बे गिरवायला. सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही. घरात बसून पुण्या-मुंबईला बोलता येत होतं. फायद्यांच्या बाजूला लिहिण्यासारखीच गोष्ट.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात एका दुपारी आईच्या छातीत कळ आली. मी घरीच होते. मी डॉक्टरांचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. पुन्हा फिरवला. घंटी छान, स्वच्छ वाजत होती, मोकळ्या घरात. डॉक्टर कुठे होते ते सांगणारं कुणी नव्हतं. मी फोन हातात धरून उभी राहिले आणि माझ्या मनात माझाच जुना आवाज आला: उत्तर नाही.

काकूंनी आरडाओरडा केला, गल्ली धावली, नवरा सायकलवर निघाला. डॉक्टर शेतावर सापडले, चाळीस मिनिटांनी. जीप मिळाली. आई जालन्याच्या वाटेवर, अंबडच्या अलीकडे की पलीकडे मला आठवत नाही, माझ्या मांडीवर गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, लवकर आलो असतो तरी फरक पडला नसता. मी ते खरं मानते, कारण न मानून जगता येत नाही. पुण्यात असती तर हाकेच्या अंतरावर मोठा दवाखाना होता. पुण्यात असती तर दहा वर्षांपूर्वीच त्या फरशीवर गेली असती. दोन्ही खरं आहे आणि यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही. डायरीतली ती रेघ तिथेच आहे, मी पान फाडलेलं नाही.

काकू म्हणाल्या, लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीनच दिवस. मी म्हटलं, तेरा. माझ्याशिवाय दुसरं कोण होतं धरायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराबाहेर पडले. कुठे चाललेय हे मला स्वतःलाही बाजार ओलांडेपर्यंत नीट कळलं नव्हतं. चाचांच्या घराच्या दाराशी थांबले, उंबऱ्याबाहेर. चाचा खाटेवर बसले होते, दृष्टी बरीच कमी झाली होती. आवाजावरून त्यांनी ओळखलं. "आत ये बेटी, आमच्यात तसलं काई न्हाई."

मी बाहेरच उभी राहिले. "चाचा, तेरा दिवस मी घरीच आहे. कुणी विचारलं तर सांगा."

आता चाचांना कोण विचारणार होतं? बोर्ड नव्हता, पट्ट्या नव्हत्या. ते उठले. भिंतीवरून पाटी काढली, तिच्यावर नातीची अक्षरं होती. हाताने चाचपून त्यांनी एक कोपरा पुसला आणि खडूने उजवीकडून डावीकडे सावकाश एक ओळ लिहिली.

"बराबर," ते म्हणाले. "सांगतो."

मी घरी आले आणि दार उघडं ठेवून बसले.